अदृश्य तटबंदी

मनुष्याने धन साठविण्यास आरंभ केला, त्याच दिवशी त्या धनाच्या रक्षणाची चिंताही त्याच्या मागे लागली. धान्यासाठी कणगी आली, तिच्यापाठोपाठ उंदीर आले. पेटीला कुलूप आले, तसे कुलूप फोडणारे हातही आले. नगराभोवती तट उभा राहिला, तेव्हा तटाखाली भुयार खणणारे निपजले. रक्षण करणारा आणि हरण करणारा यांची ही चढाओढ फार पुरातन आहे.

मीरा-भाईंदर या शहराच्या परिसरात या चढाओढीच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. खाडीच्या काठी घोडबंदरचा किल्ला आहे आणि उत्तनच्या बाजूस धारावीचा किल्ला आहे. खाडीतून ये-जा करणाऱ्या गलबतांवर येथून नजर ठेवली जाई. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध जी मोहीम केली, तीत हे दोन्ही किल्ले त्यांच्या हाती आले. शेवटी मे १७३९ मध्ये पलीकडच्या तीरावरील वसईचा बलाढ्य कोटही पडला. त्या कोटाची भिंत समोरून भेदणे अवघड होते. म्हणून तिच्याखाली भुयारे खणून सुरुंग लावले गेले. तट कितीही उंच असला, तरी हल्ला करणारा त्याची दुबळी जागा शोधीत असतो, हा त्या लढाईचा धडा आहे.

आज या शहरातील माणसांचे धन केवळ तिजोरीत नाही. बँकेतील शिल्लक, विजेचे देयक, रेल्वेचे तिकीट, रुग्णालयातील कागद आणि शाळेतील गुण या साऱ्यांची नोंद संगणकात असते. तेथे दगडी तट चालत नाही आणि शत्रूची गलबतेही क्षितिजावर दिसत नाहीत. तो हजारो कोस दूर, एखाद्या खोलीत बसलेला असतो. त्याच्यापासून रक्षण करणारी तटबंदी डोळ्यांना न दिसणारी आहे. परंतु ती ज्या तत्त्वांवर उभी आहे, ती समजण्यास मुळीच कठीण नाहीत.

संगणक हा विलक्षण आज्ञाधारक सेवक आहे. त्याला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. दिलेली आज्ञा तो क्षणार्धात पाळतो; परंतु ती चांगली की वाईट, याचा विचार त्याला करता येत नाही. हिशेब कर म्हटले तर तो हिशेब करतो आणि सारे हिशेब पुसून टाक म्हटले तर तेही तितक्याच तत्परतेने करतो. अपाय करण्याच्या हेतूने रचलेल्या आज्ञावलीस मालवेअर असे नाव आहे. तिचे अनेक प्रकार आहेत. जी दुसऱ्या आज्ञावलीला चिकटून पसरते, तिला व्हायरस म्हणतात. जी कोणाच्याही आधाराशिवाय एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते, ती वर्म होय. जी खेळ किंवा उपयुक्त साधन यांचे सोंग घेऊन आत शिरते, ती ट्रोजन. आणि जी संगणकातील सर्व माहिती सांकेतिक लिपीत कोंडून टाकून ती सोडविण्यासाठी खंडणी मागते, तिला रॅन्समवेअर म्हणतात.

हॅकर हा शब्द मात्र आरंभी निंदेचा नव्हता. संगणकाची अंतर्रचना खोलवर जाणून त्याच्याकडून अवघड कामे करवून घेणाऱ्या कुशल माणसास हॅकर म्हणत. पुढे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यांसही तेच नाव पडले. विद्या एकच, ती कोणत्या हेतूने वापरली, यावर रक्षक आणि चोर हा भेद ठरतो.

या चोरीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये अनुभविले. रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. मोठमोठ्या पोलादी पेट्या, म्हणजे कंटेनर, येथे जहाजांवर चढविले आणि उतरविले जातात. कोणती पेटी कोणत्या जहाजातून आली, ती कोठे ठेवली आणि कोणत्या ट्रकवर चढवावयाची, हे सारे संगणक सांगतो. २७ जून २०१७ रोजी डेन्मार्कच्या मर्स्क या नौवहन कंपनीचे जगभरातील संगणक एकाएकी बंद पडू लागले. न्हावा-शेवा बंदरातील एक धक्का याच उद्योगसमूहाकडून चालविला जात असे. तेथील संगणकही निकामी झाले. यारी जागच्या जागी होत्या, पेट्या होत्या, माणसेही होती. परंतु कोणती पेटी कोणाची, हे सांगणारा उरला नाही. काही काम हातांनी करावे लागले, जहाजे दुसऱ्या धक्क्यांकडे वळवावी लागली आणि मालाची वाहतूक खोळंबली.

या मालवेअरला नॉटपेट्या असे नाव पडले. त्याचा उगम येथून फार दूर, युक्रेन देशात होता. तेथे हिशेब आणि कर यांच्या कामासाठी एक आज्ञावली सर्रास वापरली जाई. ती पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकात हल्लेखोर आधी शिरले आणि त्यांनी तिच्या सुधारित आवृत्तीतच विष कालविले. ग्राहकांनी विश्वासाने ती आवृत्ती घेतली आणि शत्रू आत आला. गडावर रोज धान्याचा बैल नेणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या गोणीत शत्रूचे हत्यार निघावे, तसे हे झाले. नॉटपेट्या खंडणी मागत असे. परंतु ते केवळ सोंग होते. खंडणी दिली तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

नॉटपेट्या इतक्या वेगाने पसरले, याचे एक कारण विंडोज या प्रणालीतील एक फट हे होते. या फटीची कथा बोधप्रद आहे. अमेरिकेच्या एका गुप्तवार्ता संस्थेला ती पूर्वीच सापडली होती. परंतु ती बुजविण्यास सांगण्याऐवजी संस्थेने स्वतःच्या टेहळणीसाठी ती गुपचूप जपून ठेवली. पुढे तिच्या भांडारातून हे हत्यार चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये ते जगजाहीर झाले. विंडोज तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने फट बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध करून दिली होती. तरीही असंख्य लोकांनी ती आपल्या संगणकात बसविली नाही. दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर त्याच फटीतून शिरले आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना तर रुग्णांना परत पाठवावे लागले.

येथे रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आठवते. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा घरी तान्हे बाळ असलेली ही गवळण रात्रीच्या अंधारात अवघड कडा उतरून खाली गेली, असे सांगतात. शिवाजी महाराजांना हे कळले, तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूज बांधविला. त्या बुरुजास हिरकणीचे नाव आहे. एका राजाला गडाची उणीव कळली आणि त्याने ती भरून काढली. दुसरीकडे एका बलाढ्य संस्थेला उणीव कळली आणि तिने ती झाकून ठेवली. मग तीच उणीव चोरांच्या हाती लागून जगभरातील निरपराध माणसांना छळू लागली. फट गुप्त ठेवल्याने ती नाहीशी होत नाही. ती बुजविली म्हणजेच नाहीशी होते.

म्हणून संगणक किंवा मोबाइल ‘नवी आवृत्ती बसवा’ असे सुचवितो, तेव्हा ती सूचना टाळणे शहाणपणाचे नाही. बहुतेक वेळा ती कोठेतरी सापडलेल्या फटीवर बांधलेल्या बुरुजाची वार्ता असते. युक्रेनमध्ये सुधारित आवृत्तीतच विष आले, हे खरे. परंतु असे प्रसंग विरळ असतात, आणि बुजविण्याची राहिलेली फट हे मात्र नित्याचे संकट असते. एखाद्या वेळी अन्नातून बाधा झाली म्हणून कोणी जेवण सोडीत नाही.

मर्स्क कंपनी पुन्हा कशी सावरली, हेही जाणण्यासारखे आहे. तिच्या जाळ्यातील सर्व संगणकांची ओळख ठेवणारे जे मुख्य संगणक होते, ते सारे पुसले गेले होते. केवळ आफ्रिकेतील घाना देशात एक वाचला. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यातील माहिती विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्या आधारावर पुढील उभारणी झाली. सुमारे दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

दैवाने वीज गेली म्हणून एक प्रत वाचली. परंतु शहाण्याने दैवावर भरवसा ठेवू नये. शेतकरी पुढील पेरणीचे बियाणे रोजच्या धान्यात मिसळत नाही. ते वेगळ्या जागी जपून ठेवतो. महत्त्वाच्या माहितीचेही तसेच करावे. तिच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, जाळ्यापासून अलग ठेवलेली असावी. अशी प्रत हाताशी असेल, तर खंडणी मागणाऱ्याचे शस्त्र बोथट होते.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. कोणी एटीएम यंत्रात कार्ड घातले, की ते यंत्र बँकेच्या मुख्य संगणकास विचारते, ‘या माणसास पैसे द्यावेत काय?’ हल्लेखोरांनी या प्रश्नोत्तरांच्या वाटेत स्वतःचा एक तोतया उभा केला. यंत्रांचे प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेनात. तोतयाच प्रत्येक प्रश्नास ‘होय’ म्हणू लागला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने पैसे काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे पाठविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपयांची ही लूट होती. पुढे पोलिसांनी तपास केला आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना दोषी ठरविले. निरोप आणणारा माणूस खरोखर ज्याचा म्हणवितो त्याचाच आहे काय, याची पदोपदी खातरजमा करावी, हा या प्रकरणाचा बोध आहे.

संकेतस्थळांचे रक्षण करणे आणखी नाजूक असते. कारण संकेतस्थळाचे दार सर्वांसाठी उघडे असावे लागते. एक उदाहरण घेऊ. एका शाळेच्या कचेरीत चिठ्ठी भरून दिली की शिपाई ती कपाटाजवळील कारकुनास वाचून दाखवितो. चिठ्ठीवर छापलेले असते, ‘...... यांच्या गुणपत्रिका द्याव्यात.’ रिकाम्या जागी ‘गोविंद’ असे नाव लिहावे, अशी अपेक्षा आहे. एखाद्या लबाड मुलाने तेथे ‘गोविंद व शाळेतील सर्व विद्यार्थी’ असे लिहिले आणि कारकुनाने विचार न करता सर्व गुणपत्रिका त्याच्या हाती दिल्या, तर काय होईल? संकेतस्थळावरील रिकाम्या चौकटीत हल्लेखोर नेमके हेच करतात. नावाच्या जागी आज्ञा लिहितात. यावर उपाय असा की, चौकटीत जे लिहिले जाईल, ते केवळ नाव म्हणूनच वाचावे, आज्ञा म्हणून कधीही मानू नये, असे संकेतस्थळाच्या रचनाकाराने संगणकास आरंभीच शिकवावे. बाहेरून आलेल्या कोणत्याही मजकुरावर पारखल्याविना विश्वास ठेवू नये, हा संकेतस्थळ रचणाऱ्याचा पहिला नियम आहे.

आता पासवर्डचा विचार करू. पासवर्ड म्हणजे गडाच्या दरवाजावरील परवलीचा शब्द होय. चोर तो ओळखण्यासाठी संगणकाकडून एकेक शब्द करून पाहतो. केवळ इंग्रजी लहान अक्षरांचा, आठ अक्षरांचा पासवर्ड असेल, तर सुमारे २०,८८२ कोटी शब्द संभवतात. ही संख्या प्रचंड वाटते. परंतु सेकंदाला १०० कोटी शब्द करून पाहणाऱ्या संगणकास त्यासाठी चार मिनिटेही पुरी लागत नाहीत. अक्षरे बारा केली, तर त्याच संगणकास सुमारे तीन वर्षे लागतील आणि सोळा केली, तर तेरा लाखांहून अधिक वर्षे! चारच अक्षरांची भर, पण तिचे बळ केवढे! अर्थात ही अक्षरे अर्थहीन क्रमाने यावयास हवीत. स्वतःचे नाव, जन्मतारीख किंवा सर्वांच्या तोंडी असलेला शब्द चोर सर्वप्रथम करून पाहतो. लक्षात राहण्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र जोडावेत. एकच किल्ली घर, दुकान आणि तिजोरी यांना लावू नये, तसा एकच पासवर्ड सर्वत्र वापरू नये. जेथे सोय असेल तेथे पासवर्डखेरीज दुसरी खूणही मागण्याची व्यवस्था करावी. म्हणजे एक किल्ली चोरीस गेली तरी दुसरे कुलूप शाबूत राहते.

चांगले संकेतस्थळ आपल्या सभासदांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवून ठेवीत नाही. जात्यातून पीठ निघाले की त्यापासून पुन्हा धान्याचे दाणे करता येत नाहीत. त्याचप्रमाणे गणिताच्या एका क्रियेने पासवर्डचे असे रूप केले जाते की, त्यावरून मूळ शब्द उलट काढता येऊ नये. पुढे कोणी पासवर्ड लिहिला, की त्याचेही तसेच दळण करून दोन्ही रूपे ताडून पाहतात. त्यामुळे चोराने कोठार फोडले तरी त्याच्या हाती दाणे लागत नाहीत.

तथापि तट, बुरूज आणि परवल ही सारी भक्कम असूनही गड पडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. आतील माणसानेच दार उघडले, तर तट काय करील? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक व्यक्तींना ताब्यात घेऊन चौकशी करण्यात आली. अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनी करून, आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोत असे भासवावयाचे आणि अटकेचा धाक घालून पैसे उकळावयाचे, असा तो उद्योग असल्याचे उघड झाले. यात कोणत्याही संगणकाची फट शोधावी लागली नाही. माणसाच्या मनातील भीती हीच फट पुरेशी ठरली. आता असेच दूरध्वनी आपल्या देशातील माणसांनाही येतात. ‘तुम्हांस डिजिटल अटक केली आहे,’ असे सांगून वृद्धांना घाबरविले जाते. अशी कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. भीती, लोभ आणि घाई हे या चोरांचे तीन साथीदार आहेत. जो निरोप तत्काळ काही करावयास लावतो, तो वाचून प्रथम थांबावे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि मगच पुढे जावे. मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा तर कोणासही सांगू नये.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून लबाडीने शिरणाऱ्यास या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. देशावरील अशा हल्ल्यांची वार्ता ठेवून सावधगिरीच्या सूचना देण्याचे काम ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था २००४ पासून करीत आहे. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांसाठी ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे वाटेतच अडविले जाण्याची शक्यता अधिक असते.

संगणकविद्येची आवड असलेल्या मुलांपुढे एखादे दिवशी परीक्षेचा क्षण येईल. शाळेच्या किंवा शेजाऱ्याच्या संगणकातील एखादी फट त्यांना अचानक दिसेल. त्या वेळी दोन मार्ग असतील. आत डोकावण्याचा मोह होईल, कारण कोणी पाहत नसेल. दुसरा मार्ग असा की, आत पाऊल न टाकता ज्याचे ते घर आहे त्याला सावध करावे. अनेक मोठ्या कंपन्या आपल्या प्रणालीतील उणीव सांगणाऱ्यांस बक्षिसे देतात, हे खरे. परंतु बक्षीस नसले तरी कर्तव्य तेच राहते. दगडी तटावर पहारेकरी ठरलेले असत आणि बाकीची माणसे निश्चिंत झोपत. या अदृश्य तटबंदीवर मात्र संगणक हाताळणारा प्रत्येक जण पहाऱ्यावर असतो, मग तो बारा वर्षांचा विद्यार्थी का असेना.